कातडीतल्या पेशींवरचा इलाज सिव्हिलमध्ये का नको?

दिवाळीच्या तोंडावर आमच्या दाजींनी तासगाव रस्त्यालगतची दोन गुंठे जागा विकायला काढली. भाचीच्या कोपरावर, हनुवटीखाली आणि घोट्याजवळ दीड वर्षापासनं पांढरे डाग आहेत, कोड म्हणतात आमच्याकडं, आणि एका मोठ्या शहरातल्या क्लिनिकनं त्यांना 'सेल थेरपी'चं एक लाख ऐंशी हजाराचं पॅकेज सांगितलं होतं. घरात बैठक बसली. थोरले म्हणाले पोरीच्या लग्नाचा प्रश्न आहे, विका आणि मोकळे व्हा. शाळेत शिकवणारा आमचा चुलतभाऊ म्हणाला एक रुपया देऊ नका, हे पेशी-बिशी सगळं लुटायचं दुकान आहे. दाजींच्या बहिणीचं म्हणणं तिसरंच, तिची प्रतिकारशक्ती कमी झालीय, हळद-दूध आणि गुळवेल सुरू करा, शक्ती वाढली की डाग आपोआप भरतील. रात्री साडेअकरापर्यंत आवाज चढलेले, आणि ती पोरगी आतल्या खोलीत, दार अर्धं उघडं, सगळं ऐकत बसलेली.

त्यानंतर हाच वाद मला जिथंतिथं ऐकू यायला लागला. द्राक्षवाल्यांच्या बैठकीत, मिरजेच्या दवाखान्यांच्या बाहेरच्या बाकड्यांवर, लग्नाच्या पंगतीत. कातडीतल्या रोगप्रतिकारक पेशी, त्यांच्यावर इलाज, त्या वापरून लस, असं काहीबाही सगळ्यांच्या कानावर आलंय आणि सगळे दोनच गोष्टी विचारतात, चमत्कार आहे का फसवणूक आहे. मला हा वादच चुकीच्या जागी अडकलेला वाटतो. माझं म्हणणं सरळ आहे: त्वचेतल्या पेशींना हाताळून आजार आवरायचं शास्त्र खरं आहे, त्यातलं बरंचसं आत्ता आपल्या आसपास वापरात आहे, आणि ते सिव्हिलमधनं, ग्रामीण रुग्णालयातनं, सरकारी पैशानं आणि आपल्याच लोकांवर नीट चाचण्या घेऊन मिळालं पाहिजे. ते तिथं सहज मिळत नाही म्हणून तर दोन गुंठे विकायची वेळ येते.

आधी 'शक्ती वाढवा' या मुद्द्याकडं येतो, कारण तो सगळ्यात जास्त पसरलाय आणि नुकसानही तोच जास्त करतोय. कोरोनापासनं इम्युनिटी वाढवा हे वाक्य घराघरात शिरलं, काढे निघाले, गोळ्या निघाल्या, साबणाच्या वेष्टनावरसुद्धा ते छापून यायला लागलं. आता कोड कशानं होतं ते बघा. कातडीला रंग देणाऱ्या पेशी असतात, मेलॅनोसाइट. आपल्याच शरीरातल्या टी-पेशी, ज्यांचं काम व्हायरस शिरून बिघडलेल्या पेशी शोधून मारायचं, त्या या रंगपेशींना शत्रू समजून मारत सुटतात. मारताना गॅमा इंटरफेरॉन नावाचं एक द्रव्य सोडतात, त्यानं आजूबाजूची कातडी आणखी टी-पेशींना सांगावा धाडते, त्या येतात, डाग पसरतो. म्हणजे शक्ती कमी पडलेली नाहीच, ती भलत्याच घरात घुसलीय. तिला अजून वाढवून काय साधणार? आणि याची दुसरी बाजू ऐकली की अंगावर काटा येतो. मेलॅनोमा म्हणून रंगपेशींचाच एक कॅन्सर आहे, त्यावर प्रतिकारशक्ती मोकळी सोडणारी औषधं देतात, आणि ती औषधं घेताना ज्यांच्या अंगावर पांढरे डाग उठतात त्या पेशंटांचा कॅन्सर आटोक्यात राहायचं प्रमाण जास्त दिसतं. तीच पेशी तिथं जीव वाचवते आणि इथं आमच्या पोरीचं जमत आलेलं लग्न मोडते. मग तिला 'वाढवायचं' का 'कमी करायचं' असं मोघम विचारून भागत नाही, कुठली पेशी, कातडीच्या कुठल्या थरात, किती दिवस, असं विचारावं लागतं. हळदीला मी सांगलीचा माणूस नावं ठेवणार नाही, आमच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक ओळखीचा जीआय शिक्का मिळालाय त्याचा अभिमान आहे, पण चवताळलेल्या टी-पेशीला हळदीच्या दुधानं समज देता येत नाही.

टी-पेशींना शत्रू दाखवून देणाऱ्या कातडीतल्या पेशींची ओळख पटायलाच माणसाला शंभर वर्षं लागली हेही लक्षात घ्या. १८६८ साली बर्लिनमध्ये पॉल लँगरहान्स नावाचा विशी-एकविशीतला मेडिकलचा विद्यार्थी कातडीचा पातळ काप सोन्याच्या क्षारात बुडवून मायक्रोस्कोपखाली बघत होता, त्याला चांदणीसारखे हात पसरलेल्या पेशी दिसल्या, आणि त्याला वाटलं या मज्जातंतूच्या. १९७३ मध्ये न्यूयॉर्कला राल्फ स्टाइनमन यांनी उंदराच्या प्लीहेत तशाच फांद्या फुटलेल्या पेशी शोधल्या, त्यांना डेंड्रिटिक सेल नाव दिलं, आणि पुढं कळलं की लँगरहान्सच्या पेशी त्याच भावकीतल्या. वेशीवरच्या राखणदारासारख्या त्या कातडीच्या वरच्या थरात हात पसरून बसतात, काही परकं सापडलं की ते घेऊन जवळच्या गाठीपर्यंत चालत जातात आणि तिथल्या टी-पेशींना दाखवतात, हा बघा असा दिसतो. पायात काटा मोडून जखम चिघळली की जांघेत अवधाण येतं ना आपल्याकडं, आजी म्हणायची अवधाण आलंय, चालू नको, ते म्हणजे ही निरोपानिरोपी झाल्यावर गाठीत उठलेली धांदल. स्टाइनमनना २०११ चं नोबेल मिळालं तेव्हा ते तीनच दिवसांपूर्वी स्वादुपिंडाच्या कॅन्सरनं गेलेले होते, आणि आजारपणात त्यांनी स्वतःच्याच डेंड्रिटिक पेशींपासनं केलेल्या लसी टोचून घेतल्या होत्या. त्यानं ते बरे झाले असं कुणी म्हणू नये, एका माणसावरनं काहीच सिद्ध होत नाही, पण ज्यानं शोध लावला त्यानं तो स्वतःच्या अंगावरही घेतला याचं मला फार वाटतं.

आता चुलतभावाकडं वळतो, कारण त्याचा मुद्दा सगळ्यात वजनदार आहे आणि तो मी उडवून लावणार नाही. तो म्हणतो, अरे रात्री अकराला कुत्रं चावलं तर लस कुठं मिळेल हे धड माहीत नसतं, सर्पदंशाचं इंजेक्शन आहे का म्हणून तीन दवाखाने फिरावं लागतं, आणि तू कसल्या त्वचेतल्या पेशींच्या गोष्टी करतोस? बरोबर आहे. ज्यानं ही धावपळ केलीय त्याला हा राग येणारच. पण त्यानं नेमकं कुत्रं चावल्याच्या लशीचंच उदाहरण घेतलं, आणि तिथंच त्याचा मुद्दा उलटतो. ही लस पूर्वी दंडाच्या स्नायूत द्यायची, पाच वेळा, दर वेळी पूर्ण बाटली. २००६ पासनं आपल्या देशात ती कातडीच्या आत द्यायला परवानगी आहे, दोन्ही दंडांवर ०.१ मिली, शून्य, तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी, म्हणजे सगळा कोर्स ०.८ मिलीत संपतो. एक मिलीच्या बाटलीत पाच जणांची एका वेळची मात्रा बसते. हे कशाच्या जोरावर? तर स्नायूपेक्षा कातडीत या राखणदार पेशी दाट असतात, थोडक्यात काम भागतं, या एका माहितीच्या जोरावर. टोचल्यावर मटारएवढा पांढरट फुगा येतो तो बघितलाय का कधी, तो आला नाही तर सुई खोल गेली असं नर्सबाई लगेच ओळखतात. गरिबाच्या दवाखान्यात अपुरी लस पुरवून वापरायची युक्ती त्वचेतल्या पेशींच्या ज्ञानानंच दिलीय. मग आधी मूलभूत सोयी, नंतर पेशी, असा क्रम लावायचा कसा? बाळ जन्मल्यावर डाव्या दंडावर बीसीजी टोचतात तीही कातडीतच. चामखिळींवर तर मिरजेत काय कराडात काय कातड्याचे डॉक्टर रोज एक गोष्ट करतात, हातावर वीस चामखिळी असल्या तर त्यातल्या एकीदोघींतच गोवर-गालगुंडाची लस किंवा भारतातच डॉ. जी. पी. तलवार यांच्या दिल्लीतल्या टीमनं कुष्ठरोगासाठी तयार केलेली एमडब्ल्यू लस टोचतात, आणि पुष्कळ जणांच्या बाकीच्या न टोचलेल्या चामखिळीही काही आठवड्यांत झडतात. कातडीतल्या पेशींना व्हायरस ओळखायला शिकवणं म्हणजे दुसरं काय असतं? हे सगळं आपण वापरतोच आहोत, फक्त त्याला पेशींचा उपचार असं नाव दिलेलं नाही म्हणून भीती वाटली नाही.

दुसरा आक्षेप धोक्याचा, प्रतिकारशक्तीशी खेळू नका. हाही खरा. ज्या टी-पेशी कोड पसरवतात त्यांचा आतला निरोप थांबवणारी जॅक इनहिबिटर नावाची औषधं आलीत, त्यातलं रुक्सोलिटिनिब हे मलम २०२२ मध्ये अमेरिकेत कोडासाठी मंजूर झालं, सहा महिन्यांच्या चाचणीत दहातल्या साधारण तिघांच्या चेहऱ्यावरचे डाग पाऊण हिश्शापर्यंत भरले. उरलेल्या सातांचं काय, असं विचाराल तर काहींचे थोडे भरले, काहींचे नाहीत, आणि मलम सोडल्यावर डाग परत यायची शक्यताही राहतेच. याच जातीच्या पोटातनं घ्यायच्या औषधांवर हृदयविकार, रक्ताच्या गाठी, कॅन्सर, गंभीर जंतुसंसर्ग असा सगळ्यात कडक इशारा २०२१ मध्ये तिकडच्या औषध प्रशासनानं आणखी वाढवून छापायला लावला. आपल्याकडं तर टीबी कित्येकांच्या छातीत झोपलेला असतो, प्रतिकारशक्ती दाबली की तो उठतो. म्हणून ही औषधं कुणीही उठून द्यायची नाहीत हे मला शंभर टक्के मान्य आहे. पण मग एक सांगा, प्रतिकारशक्तीशी खेळायला आपण काय आत्ता सुरुवात करणार आहोत? गावातल्या कुठल्याही मेडिकलमध्ये जा, गजकर्ण झालंय म्हणा, चिठ्ठी न मागता एक ट्यूब मिळेल, तिच्यात बुरशीचं औषध, जंतूचं औषध आणि जोरदार स्टेरॉइड तिन्ही कालवलेलं. गोरं व्हायला म्हणून पोरी तोंडाला स्टेरॉइड फासतात. स्टेरॉइड कातडीतल्या लँगरहान्स पेशी कमी करतं, खाज दोन दिवसांत थांबते, माणूस खूश, आणि राखणदार नाही म्हटल्यावर बुरशी निवांत पसरते. गेल्या दहा-बारा वर्षांत आपल्या देशात गजकर्णाची जी साथ आलीय, जे नायटे वर्ष वर्ष हटत नाहीत, घरातल्या सहा माणसांना एकदम होतात, त्या बुरशीच्या जातीला २०२० मध्ये जगानं नावच ट्रायकोफायटन इंडोटिनी दिलं, आपल्या देशावरनं. डोळ्यांसमोर बघितलंय मी, शेजारच्या ऊसतोड टोळीतल्या एका बाईच्या कमरेभोवती परकराच्या नाडीच्या रेषेवर वितभर रुंद तांबडा पट्टा, आत कातडी कागदासारखी पातळ, निळ्या शिरा दिसतात, आणि कंबरेला खोचलेल्या पिशवीत पिळून चपटी झालेली तीच ट्यूब. २०१८ मध्ये सरकारनं अशी कितीतरी स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय देऊ नका म्हणून नियम कडक केला, तरी ट्यूब मिळतेय. म्हणजे धोका आहे म्हणून दूर राहा असं म्हणायचं आणि सगळ्यात धोकादायक, सगळ्यात अडाणी पद्धतीनं तेच काम रोज ऐंशी रुपयांत चालू द्यायचं, याला सावधपणा कसं म्हणायचं?

या पेशींना आठवण असते ही गोष्ट मला आमच्या तात्यांमुळं कळली. पलूसच्या बाजूला त्यांची शेती, कॅनॉलच्या कडेनं कमरेएवढं गाजरगवत. हे गवत आपलं नव्हेच, १९५५-५६ च्या सुमारास पुण्यात पहिल्यांदा नजरेत आलं, परदेशी गव्हातनं आलं असं सगळे मानतात, आणि बघता बघता देशभर झालं. तात्यांना पन्नाशीपर्यंत त्याचं काही झालं नाही, हातानं उपटायचे. एका पावसाळ्यात पापण्या सुजल्या, मग मानेची कातडी तांबडी झाली, मग कोपराच्या लवणीत, आणि दोन-तीन वर्षांत कपाळाची कातडी इतकी जाड, काळपट, घड्या पडलेली झाली की जुना फोटो दाखवला तर माणूस तोच वाटेना. रात्री खाजवून खाजवून उशीच्या अभ्र्यावर रक्ताचे ठिपके. कोल्हापूरला लेकीकडं जाऊन राहिले की महिन्यात निम्मं उतरायचं, परत आले आणि गवत फुलावर आलं की वाऱ्यानं उडालेल्या कणांवर चार दिवसांत पुन्हा उठायचं. लोक म्हणायचे रक्त बिघडलंय, कुणी म्हणायचं देवाचं काहीतरी राहिलंय. कातडीतल्या पेशींनी त्या गवतातलं पार्थेनिन नावाचं द्रव्य एकदा शत्रू म्हणून नोंदवून ठेवलं, आणि त्या आठवणीच्या टी-पेशी कातडीतच मुक्काम करून राहिल्या. माणसाच्या कातडीत अशा जवळपास दोन हजार कोटी टी-पेशी असतात असा अंदाज आहे, रक्तात असतात त्याच्या दुप्पट. सोरायसिसचा चट्टा बरा होऊन पुन्हा बरोब्बर त्याच गुडघ्यावर, त्याच जागी का येतो याचंही उत्तर इथंच आहे. तात्यांना शेवटी एका डॉक्टरनं अझाथायोप्रिन सुरू केलं, रक्त तपासत तपासत, आणि ते पाच-सहा महिन्यांत माणसात आले. जुनं औषध, किडनी बदललेल्या पेशंटांना देतात ते, महाग नव्हे. महाग पडली ती त्याआधीची सात वर्षं, कारण पेशींच्या आठवणीचा हा आजार आहे हे सांगणारं माणूस त्यांना भेटलंच नाही.

आपल्या जुन्या वैद्यकात हे होतं की, असं म्हणणारेही भेटतात, आणि त्यांचंही निम्मं खरं आहे. बावचीचं बी वाटून लावायचं आणि डाग उन्हात धरायचा, हा कोडावरचा इलाज आपल्याकडं फार जुना. इजिप्तमध्येही नाईलच्या काठच्या एका वनस्पतीचं तसंच होतं, १९४० च्या दशकात तिथल्या अल मोफ्टी नावाच्या डॉक्टरनं तिच्यातलं द्रव्य वेगळं काढून पेशंटांवर वापरलं, आणि कळलं की बावची काय, ती वनस्पती काय, दोन्हीतलं काम करणारं द्रव्य सोरालेन. १९७४ मध्ये सोरालेन आणि मापून दिलेला अतिनील प्रकाश यांची जोडी सोरायसिसवर वापरात आली. पण आपण काय करत बसलो होतो? बावची लावून ऊन किती घ्यायचं याचा हिशेब नाही, फोड यायचे, कातडी भाजायची, भाजल्या जागी नवीन डाग उठायचे. पुढं मापं घेणाऱ्यांनी ते द्रव्यच काढून टाकलं, ३११ नॅनोमीटरचा तेवढाच प्रकाश द्यायची ट्यूब आली, तिच्यानं चवताळलेल्या टी-पेशी मरतात आणि केसांच्या मुळाशी लपून राहिलेल्या रंगपेशींच्या बिया जाग्या होतात. आजीचा अनुभव खरा होता आणि मोजमाप नसल्यानं तो अपुरा राहिला, दोन्ही एकदम खरं असू शकतं. मला तर यात आपल्या परंपरेचा मोठेपणाच दिसतो, पण तो मोजून सिद्ध करायची मेहनत दुसऱ्यांनी केली याची खंत जास्त वाटते.

आणखी एक आक्षेप मोठ्या माणसांच्या तोंडून येतो, कोडानं कुणी मरत नाही, सरकारी पैसा कॅन्सरला द्या. मरत नाही हे बरोबर. पण आमच्या भागात पोरीच्या मानेवर डाग दिसला की काय होतं हे बोलणाऱ्यालाही माहीत असतं. कोडाला अजूनही कित्येक जण पांढरा कुष्ठरोग म्हणतात, दोघांचा काडीचा संबंध नाही तरी. आणि खऱ्या कुष्ठरोगाशी तरी आपण कसे वागलो? १९८० च्या दशकापासनं तो गोळ्यांनी पूर्ण बरा होतो, तरी नवऱ्याला किंवा बायकोला कुष्ठरोग आहे हे घटस्फोटाचं कारण म्हणून कायद्याच्या पुस्तकात २०१९ पर्यंत होतं. कातडीवरचं दिसतं म्हणून शिक्षा जास्त, हा आपल्या समाजाचा नियमच होऊन बसलाय. ज्या आजारानं पोरगी कॉलेज सोडते, फुल बाह्यांचे ड्रेस शिवते, मावसबहिणीच्या हळदीला जात नाही, तो आजार दिसण्यापुरता आहे असं तिच्यासमोर बसून कोण म्हणेल?

आता त्या क्लिनिकबद्दल. त्यांनी जे सांगितलं होतं ते मी कागद मागवून वाचलं, आणि ते मिरजेतल्या दोन डॉक्टरांना दाखवलं. 'सेल थेरपी' म्हणून ते करणार होते ते भाचीच्या मांडीवरची कातडी घेऊन तिच्यातल्या रंगपेशी डागावर लावायचं. हा इलाज खोटा नाही, चांगल्या ठिकाणी होतो, चांगला होतो. पण त्याची एक अट आहे, डाग किमान वर्षभर वाढलेले नसावेत, नवीन आलेला नसावा. कारण टी-पेशी अजून चवताळलेल्या असताना तुम्ही नव्या रंगपेशी आणून बसवल्या तर त्या त्यांनाही मारणार, पेटलेल्या गंजीत नवीन कडबा रचल्यासारखं. भाचीला घोट्याजवळचा डाग त्याच पावसाळ्यात आलेला होता. तिथं कुणी विचारलंच नाही. म्हणजे चुलतभाऊ म्हणतो तशी ही नुसती थाप नव्हती आणि थोरले म्हणतात तसा हमखास इलाजही नव्हता. खरा इलाज चुकीच्या वेळी विकला जात होता, आणि ही फसवणूक ओळखायला त्या पेशींचं शास्त्रच लागतं, सरसकट संशय घेऊन ती पकडता येत नाही. सगळंच खोटं म्हणणारा माणूस इथं उपयोगी पडत नाही, कारण त्याचं ऐकलं तर पोरीला काहीच इलाज मिळत नाही, आणि ती सहा महिन्यांनी गुपचूप दुसऱ्या क्लिनिकला जाते. प्रयोगशाळेत पुढं काय काय चाललंय तेही याच नजरेनं बघायला पाहिजे. २०२४ च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी छापलं की कातडीवर नेहमी राहणाऱ्या एका निरुपद्रवी जंतूला थोडं बदलून उंदरांच्या अंगावर नुसतं फासलं, सुई नाही काही नाही, आणि धनुर्वाताच्या विषाविरुद्ध त्यांच्या रक्तात अँटिबॉडी तयार झाल्या. वाचून मी दोन रात्री त्याच विचारात होतो, बिनसुईची लस, शीतपेटी नाही, गावोगाव मलमासारखी वाटता येईल. पण हे उंदरांवर झालंय. कुणी उद्या तुम्हाला त्याचं मलम विकायला आलं तर दार लावून घ्या, आणि कुणी म्हणालं यात काही दम नाही तर त्याच्याशी भांडा.

किमतीचा मुद्दा शेवटी राहतो आणि तो सगळ्यात कठीण. परदेशी मलमाची एक ट्यूब आपल्या माणसाच्या महिन्याच्या पगारापेक्षा महाग असते, खोटं कशाला बोला. पण किंमत ही आकाशातनं पडत नाही. रक्ताच्या कॅन्सरवर पेशंटच्याच टी-पेशी बाहेर काढून, बदलून परत घालायचा उपचार परदेशात तीन-चार कोटींचा, तो आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांनी मिळून इथं उभा केला, ऑक्टोबर २०२३ मध्ये मंजुरी मिळाली, आणि तो साधारण दहाव्या हिश्श्यात आला. दहावा हिस्साही आपल्याला झेपत नाही हे खरं, पण उतरंड कुणी सुरू केली तर सरकारी पैशावर चालणाऱ्या संस्थांनी. कातडीतल्या पेशींचं तर त्याहून सोपं आहे, कारण कातडी वरच आहे, बघता येते, मोजता येते, फोटो काढून महिन्या-महिन्याला ताडता येते, पोट फाडायला नको. चाचण्या घ्यायला यापेक्षा सोयीचा अवयव कुठला? आणि गाजरगवत, द्राक्षबागेतली फवारणी, सिमेंट, हटत नसलेला नायटा, असे कातडीचे आजार ज्या जिल्ह्यात ढिगानं आहेत, तिथंच शासकीय मेडिकल कॉलेज आहे, मग या चाचण्या मिरजेत का होऊ नयेत? १८९४ साली विल्यम वानलेस यांनी मिरजेत हॉस्पिटल सुरू केलं तेव्हा मिरज म्हणजे एक लहान संस्थानी गाव होतं, प्लेग आणि दुष्काळ तोंडावर होते, आणि आधी मूलभूत सोयी मग ऑपरेशनं असं त्यांनी ठरवलं असतं तर आज कर्नाटकातनं लोक मिरजेला आले असते का? डायलिसिसचंही तेच, वीस-पंचवीस वर्षांपूर्वी तो पुण्या-मुंबईचा इलाज होता, २०१६ पासनं केंद्र सरकारनं जिल्हा रुग्णालयांसाठी त्याची योजनाच केली.

मी मागतोय ते डायलिसिसच्या मानानं फारच थोडं आहे. तालुक्याच्या रुग्णालयात ३११ नॅनोमीटरच्या ट्यूबा बसवलेली एक पेटी, ती चालवायला शिकवलेली एक सिस्टर, आठवड्यातनं एक दिवस कातड्याचा डॉक्टर. भाचीचा इलाज आता त्याच प्रकाशावर चाललाय, मिरजेत, आठवड्यातनं तीन वेळा, निदान सहा महिने तरी धरून चाला असं डॉक्टरांनी सांगितलंय. पेटीतलं काम काही मिनिटांचं. त्यासाठी ती सकाळी साडेसातची एसटी पकडते, अर्धं तिकीट असल्यानं परवडतं, पण आठवड्याची तीन कॉलेजं बुडतात, आक्काची तीन रोजंदारी जाते कारण पोरीला एकटीला सोडायला घर तयार नाही. तिच्यासोबत सुरू केलेल्या बायकांपैकी निम्म्या दीड-दोन महिन्यांत यायच्या बंद झाल्या, औषधाचा गुण आला नाही म्हणून नव्हे, एसटीचा आणि रोजगाराचा मेळ बसला नाही म्हणून.

दोन गुंठे विकले नाहीत. परवा भाचीनं कोपर माझ्यापुढं धरलं, मामा इथं बघा म्हणाली. पांढऱ्या डागाच्या मधोमध, बारीक लव असते ना हातावर, त्या प्रत्येक केसाच्या मुळाशी मोहरीएवढा तपकिरी ठिपका आलेला. मोजले आम्ही, अकरा होते. घोट्याजवळ अजून काही नाही, तिथं केस कमी असतात म्हणून उशीर लागेल किंवा भरणारही नाही, असं डॉक्टर तिला आधीच बोललेत.